डावा कौल

आपा नाईक रेडिओ लावण्याआधी कोटाची बटणं लावायचा. अंगात बंडी असो वा नसो, वर तो काळा कोट चढायचाच. मग खुर्ची पुढे ओढून, घसा साफ करून, आपा रेडिओचा कान पिळायचा. "ती माणसां तुका थोडीच बगतत?" असं कोणी विचारलंच, तर म्हणे, "ती बगनत नाय रे. पण आपण त्यांच्या घरात जातंव मा? उघड्यान जावचा?"

हा रेडिओ त्याच्या चुलतभावाने मुंबईहून चतुर्थीला आणला आणि परत नेताना ओझं नको म्हणून इथेच ठेवला. आमच्या वाडीत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले, आणि बॅटरी संपली की मालवणातून नवी आणावी लागे. आपा मूळचा असा चिकट की आगपेटीची काडी ब्लेडने उभी चिरून दोन दिवे लावणारा. त्यामुळे रेडिओ लागायचा आठवड्यातून एकदाच, गुरुवारी संध्याकाळी, श्रुतिकेपुरता. तिच्यामागून बाजारभाव सांगत. मी त्याचा शेजारी, नारळाचा व्यापारी. मला ते भाव हवे असत. पण निवेदकाने "आता ऐका" म्हणेपर्यंत आपाने कान उलटा पिळलेला असे.

श्रुतिका होती एका लाकडाच्या वखारवाल्याची आणि एका नर्सची. तो तापट, ती फटकळ. दर गुरुवारी दोघं भांडत आणि दर गुरुवारी एकाला दुसऱ्यातलं काहीतरी चांगलं चोरून दिसे. तो जखमी हमालाला पाठीवर घालून आणतो ते तिला दिसलं. ती बेवारशी म्हातारीच्या उशाशी बसून राहते ते त्याला दिसलं. बोलत मात्र कोणीच नाही. आपा खुर्चीतून ओरडे, "गो बाय, तेच्या तोंडार जाव नको! वरसून तापता, आतून बरो आसा!"

"आतून बरो आसा" हा आपाचा मंत्रच होता. कुणाच्या बैलाने त्याला चिखलात लोळवलं, तर चिखलातूनच म्हणाला, "बैल आतून बरो आसा, आज वायंच तापलो." चोराने त्याचे नारळ उतरवले, तर म्हणाला, "आतून बरो आसा मरे. कोवळे ठेवल्यान."

सगळ्या जगात आतून बरा नसलेला एकच माणूस त्याला सापडला होता. मी.

मी दुसऱ्यांचे नारळ डोक्यावरून बंदरात नेत मोठा झालो. पुढे स्वतःची वखार टाकली. नारळावर बोट वाजवून आत पाणी किती ते सांगतो. मला कोणी फसवलेलं नाही आणि फसवायला आलेला माणूस दोनदा आलेला नाही. वखार उभी राहिली त्या वर्षी मी आपाच्या बहिणीला, गोदूला, मागणी घातली. मध्यस्थाकरवी, रीतीप्रमाणे. आपाने रवळनाथाला कौल लावला. पाषाणाला लावलेल्या फुलांच्या कळ्यांतली उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "देवान डावो दिल्यान."

मी तडक गुरवाकडे गेलो. "काय पडला?" म्हणून विचारलं. गुरव म्हणाला, "डावो कळो पडलो." देवापुढे घासाघीस चालत नाही, नाहीतर मी सोडली नसती. पण देवाच्या आड कोण उभं राहतं ते मला कळतं. हमाल नको होता, म्हणून पाषाणाचं नाव पुढे केलं, असंच मी धरून चाललो.

तेव्हापासून मी आपाचे नारळ घेतले नाहीत. आमच्या दोघांमधला दगडी गडगा हातभर उंच केला. त्याने एकदा फणस पाठवला, तो मी गडग्यावरून परत भिरकावला. फणस त्याच्या तुळशीपाशी फुटला. लग्न मी केलंच नाही, आणि गोदूचंही त्याने जमवलं नाही. पुन्हा मागणी घालावी असं मनात आलं नाही असं नाही. पण आधी बोलतो तो सौद्यात हरतो, हे मी बाराव्या वर्षी शिकलो होतो. आपा स्वतः येऊन विचारील, तेव्हा बघू. दहा वर्षं मी त्याच्या येण्याची वाट पाहत होतो.

श्रुतिका अर्ध्यावर आली असेल, तेव्हा आपाने रेडिओ माजघरातून काढून माझ्या बाजूच्या खिडकीत ठेवला. तोंड माझ्या पडवीकडे. आवाज एवढा की माझी मांजर चुलीमागे गेली. काडी चिरणारा माणूस बॅटरी अशी जाळतो म्हणजे कुणाला तरी जाळायला, हे मी ओळखलं. त्यात तो वखारवाला, तापट, आणि वरून आपाचं "आतून बरो आसा" गडग्यापलीकडून ऐकू येई. मला वाटलं, माझी टर उडवतोय. मी पडवीत नारळ सोलत बसे आणि एकेक शब्द ऐके. रागाने ऐकत असे, पण चुकवला एकही नाही.

शेवटी मी पंचांपुढे तक्रार नेली. देवळाच्या सभामंडपात पंच म्हणाले, "आपा, विठूशेटाक त्रास होता. काय म्हणतंस?"

मला भांडण हवं होतं. चार शब्द तयार ठेवले होते. आपाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरा. आत न्हेतंय."

रेडिओ आत गेला. महिन्याभरात गोदूचं लग्न ठरलं, बेळगावच्या एका बिजवराशी. मला आमंत्रण होतं. मी त्या दिवशी मुद्दाम वेंगुर्ल्याला माल बघायला गेलो.

लग्नानंतर आठवड्याने, भर दुपारी, आपा पहिल्यांदा माझ्या दारात आला. बिनकोटाचा, बंडीवर. आत बोलावलं नाही तरी पडवीच्या कठड्यावर बसला.

"विठू," म्हणाला, "त्या येळाक कौल माझ्याकडसून चुकलो."

"देवाचो कौल कसो चुकतलो?"

"देव चुकलो नाय रे. मीच उलटा विचारलंय. भियालंय होतंय. 'लगीन करू काय' म्हणान विचारूचा सोडून 'ह्या सोयरिकीत काय इघ्न आसा काय' म्हणान विचारलंय. देवान डावो दिल्यान. म्हणजे इघ्न नाय. आणि मी डावो बगलंय नि 'नाय' समजान घराक इलंय. औंदा गुरवान माझ्या त्या परश्नाची आठवण काढल्यान, तेवा माका समाजला."

मी गुरवाला काय पडलं ते विचारलं होतं. कशावर पडलं, ते विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात माल न उघडता घेतला तो एवढाच.

"मगे सांगूक इलास नाय?"

"फणस भिरकावणाऱ्याच्या दारात कसो येव? चूक माझी, तोंड खंयचा दाखवू? गोदूनच सांगल्यान, रेडिओ खिडकेत ठेय. त्या वखारवाल्याचा आयकून तरी विठूक कळात, तो येतलो. बॅटरी संपली तर मालवणातसून परत हाडतंय म्हटलंय. तू पंचांकडे गेलंस, तेवा गोदून सांगल्यान, आता पुरे."

गडग्यावर कावळा ओरडत होता. मी त्याला दगड मारला.

"शेवटचो भाग आयकलंस?" आपाने विचारलं.

"कसो आयकतलंय? तुमी आत न्हेलास."

"तोच गेलो रे. वखारवालो. स्वताच्या पायान गेलो आणि तिका विचारल्यान." आपाचे डोळे भरले होते. "तू एकदाच फुडल्या दारान इलं असतंस, विठू."

मी एक नारळ ओढून सोलायला घेतला. हे ऐकावं लागलं, आणि तेही आपाकडून. त्याचा मला अजून राग आहे.

नारळ सोलून झाल्यावर विचारलं, "जेवलास?"

"चूल पेटवूक येणा नाय," तो म्हणाला. "सगळा गोदूच करी."

मी सकाळची पेज वाढली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. तो खाली मान घालून जेवला. एकदाही 'बरी आसा' म्हणाला नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच. फक्त दुसऱ्या दिवसापासून पेजेत मूठभर तांदूळ जास्त टाकू लागलो.