दाराकडे पाठ करून उभा बिबट्या

साठेकाकांच्या घरातली सगळी जनावरं दाराकडे पाठ करून उभी असतात. बिबट्या, बगळा, दोन शिकारी कुत्रे आणि एक गाय. सगळी ब्राँझची, फ्रेंच, शंभरीच्या पुढची. बेल वाजवली की आतून हाक येते, "थांब, बिबट्या सरकवतोय!"

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात काकांची उभी हयात गेली. आता निवृत्त आहेत, पण बोलण्यात "मोजलंय मी" कायम. शनिवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजारात जातात. मूर्तिकार कोण, हे विचारत नाहीत. डोळे मिटून मूर्तीवर हात फिरवतात. "ह्याचे कान टोचतात. नको."

मी समोरच राहते. मार्चमध्ये आमचे हे गेले, तेव्हापासून काका मला अधूनमधून चहाला बोलावतात. चहा ओततानाही त्यांचा एक कान पॅसेजकडे असतो. चमचा पडला तरी दचकतात. अंघोळ इतक्या घाईत उरकतात की कानामागे साबण तसाच.

"अहो काका, राखणदार ना हे? मग चोराकडे पाठ कशी?"

"जा, जा," म्हणून ते विषय बदलत.

वसुबारसेला मी हळदकुंकू घेऊन त्यांच्या गाईपाशी बसले. नीट वाकून पाहिलं आणि ओरडलेच, "काका, हा बैल आहे!"

"हळू बोल! मालूला गाय वाटते ती."

तेवढ्यात मालतीकाकू आल्या. खांद्याला पर्स, पाय अनवाणी. दोन वर्षांपासून त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. "आईकडे जाते," म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. मी उठले, तर काकांनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर घड्याळावर होती.

काकूंनी कुत्र्यांना थोपटलं. बगळ्याची मान कुरवाळली. बैलापाशी बसून विचारलं, "खाल्लंस का गं?" आणि तिथेच रमल्या. काकांनी हळूच त्यांच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली.

"गेल्या हिवाळ्यात मी अंघोळीला गेलो, आणि ही नदीवरच्या पुलावर सापडली," ते म्हणाले. "कुलूप लावलं की दार बडवते, रडते. पण जनावराला थोपटल्याशिवाय पुढे जात नाही. त्याचं तोंड मात्र तिच्याकडे हवं. पाच जनावरं, सहा मिनिटं. मोजलंय मी. अंघोळीला सात लागतात."

एका मिनिटात काय काय होतं, ते मला मार्चमध्ये कळलं होतं.

त्या शनिवारी काकूंपाशी नेहमीची शनिवारची बाई बसली, तेव्हा मीही काकांबरोबर बाजारात गेले. एका टेबलाखाली ब्राँझचं बदक दिसलं. डोळे मिटून त्याच्यावर हात फिरवला. कुठेच टोचत नव्हतं.

"ह्याचं एक मिनिट धरायचं का, काका?"

काकांनी ते दोन्ही हातांनी उचललं, मग एका हाताने छातीशी धरलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि दुसरा हात नकळत कानामागे गेला.