फादरची बहीण

नायिकेच्या नवऱ्याचे केस पांढरे होते, म्हणून मी त्याला तिचा बाप करून टाकला. सगळी भानगड इथून सुरू झाली.

तुम्ही भलतंच काही समजायच्या आत सांगतो. मी माद्रिदच्या एका डबिंग स्टुडिओत संवाद लिहितो. परदेशी सिनेमा आला की सेन्सॉरचे फादर बोनिफासिओ आधी त्याच्यावर लाल पेन्सिल फिरवतात आणि मग तो माझ्या टेबलावर येतो. लग्न झालेल्या बाईचं परक्या पुरुषावर प्रेम जडलेलं आमच्याकडे चालत नाही. पडद्यावरची माणसं काही बदलता येत नाहीत, पण त्यांच्या तोंडची वाक्यं बदलता येतात. त्याचा मला पगार मिळतो. (सासूबाई याला 'लिखाणकाम' म्हणतात, पण म्हणताना खिडकीबाहेर बघतात.)

तर या सिनेमातली बाई भाडेकरूच्या प्रेमात पडत होती. नवऱ्याला बाप केल्याबरोबर ती कुमारिका झाली, आणि कुमारिकेनं भाडेकरूवर प्रेम करायला फादरांची ना नव्हती. राहता राहिला प्रश्न, की बाप-लेक एकाच खोलीत का झोपतात? मी बापाच्या तोंडी एक वाक्य घातलं, की माझ्या खोलीचं छप्पर गळतंय. फादर खूश झाले. सिनेमा सर्वांसाठी म्हणून पास झाला. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो, की घरी जाताना केक घेऊन गेलो.

सिनेमा लागला आणि नायिकेला आवाज देणारी निएवेस तो बघायला गेली. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली ती रडतच. थिएटरातल्या बायका म्हणे छातीवर क्रूस काढत होत्या. "मी बापाला असं लाडानं बोलावते? मी नाही पुढचा सिनेमा करत," असं म्हणून ती निघाली. पुढचा सिनेमा अर्धा झाला होता. मी तिला समोरच्या कॅफेत नेलं, कॉफी पाजली, समजूत घालताना तिच्या हातावर हात ठेवला, आणि नेमक्या त्याच वेळी काचेपलीकडून सासूबाई मासळीची पिशवी घेऊन गेल्या. मला त्या दिसल्या नाहीत. त्यांना मात्र मी पुरेपूर दिसलो.

पुढे गुरुवारी जेवणाच्या टेबलावर माझी बायको विसी अगदी सहज म्हणाली, "कॅफेत तुझ्याबरोबर कोण होती रे?"

खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण विवाहित पुरुष, परकी बाई, हातावर हात, असा सीन समोर आला की माझं डोकं आपोआप दुरुस्तीला लागतं. इतक्या वर्षांची सवय.

"फादर बोनिफासिओंची बहीण," मी म्हणालो.

"आणि हात कशाला धरला होतास?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांना थंडी वाजत होती."

"जूनमध्ये?"

"हिवताप आहे त्यांना."

(छप्पर गळत होतं असं म्हणालो नाही, एवढीच काय ती शुद्ध उरली होती.) विसीनं ताटली पुढे ओढली. सासूबाई मात्र हळहळल्या. फादरची बहीण, आणि त्यात हिवताप. रविवारी तिला चण्या-मटणाचा कोसिदो खायला आणल्याशिवाय त्या ऐकेनात. खोटं उघडं पडलं तर विसी काय समजणार, हे सांगायला सेन्सॉरची गरज नव्हती. माझं लग्न त्या कोसिदोच्या पातेल्यात शिजायला पडलं होतं.

निएवेसचे मी पाय धरायचेच बाकी ठेवले. पुन्हा कुणाच्या नवऱ्याला बाप करणार नाही, असं वचन घेऊन ती कबूल झाली. रविवारी ती गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा झगा घालून, हातात जपमाळ घेऊन आली. मान खाली, चेहरा साधा, चारचौघींसारखा. फादरची बहीण बघायला म्हणून शेजारच्या साग्रारिओबाईही येऊन बसल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग निएवेस म्हणाली, "जरा मीठ देता का?"

सगळ्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. निएवेसचा आवाज असा आहे, की तिनं फोनवर 'राँग नंबर' म्हटलं तरी माणूस फोन खाली ठेवत नाही. तिचा चेहरा अख्ख्या देशात कोणी ओळखत नाही हे मी नीट हिशेबात धरलं होतं. आवाज सगळेच ओळखतात, हे माझ्यासारख्या डबिंगवाल्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाईंनी डोळे मिटले. "पुन्हा म्हण बाई."

"काय? मीठ?"

"हिनंच तळ्याकाठी नवऱ्याला विष घातलं," सासूबाई साग्रारिओबाईंना म्हणाल्या. "आणि गळक्या छपराचीही हीच."

मी घाईघाईनं सगळं खरं सांगून टाकलं. स्टुडिओ, रडणं, कॉफी, हात, सगळं. कोणी ऐकत नव्हतं. विसी शांतपणे चणे खात होती. सासूबाईंनी खुर्ची निएवेसजवळ सरकवली.

"आधी मला एक सांग. तो तिचा बाप नव्हता ना?"

निएवेसनं माझ्याकडे पाहिलं. "नवरा होता."

"सुटले बाई. तो सिनेमा बघितल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. बाप कधी लेकीकडे असा बघतो? नवरा सोडून भाडेकरूवर प्रेम म्हण की. तेवढं तर आपल्या जिन्यावरही चालतं."

साग्रारिओबाईंना एकाएकी पाव कापायची आठवण झाली.

"पण तुमच्या भल्यासाठीच बदलतात ते," मी म्हणालो.

"मी साठी ओलांडली. मला आता कोण बिघडवणार? आणि बिघडवायला निघालास तो तूच. त्या बिचारीनं साधं पाप केलं होतं, तू त्याचं काय करून ठेवलंस?"

मी तोंडात पाव कोंबला. (फादरांनीही तेच केलं असतं.) मग विसीनं आमच्या दोन्ही पोरांना गच्चीत काढलं, दार लावलं, आणि निएवेस एकेक सिनेमा मुळात होता तसा सांगू लागली. कोसिदो गार झाला तरी कोणी उठेना.

मी विसीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. मला खरोखरच भीती वाटत होती.

"तुला संशय आला होता?" मी विचारलं.

"आईनं मंगळवारी सांगितलं तेव्हा आला होता," ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत मी तुझ्याकडे जरा निरखून बघत होते. म्हटलं, याच्यातही काही असेल. बरं वाटत होतं रे. मग तू म्हणालास, तिला थंडी वाजत होती. म्हटलं, छे, काही नाही याच्यात."

ती फळं घेऊन बाहेर गेली. बाहेर साग्रारिओबाई विचारत होत्या, की हे फादरच्या बहिणीचं नक्की प्रकरण तरी काय? विसीनं गच्चीचं दार सताड उघडलं.

"पोरांनो, या आत," ती म्हणाली. "आता बाबांचं प्रकरण सांगायचं आहे. तुम्ही ऐकलंत तरी काही बिघडत नाही."