अर्ध्या बाईंचा परवाना

बालसंगोपनाचा नवा कायदा लागू झाला आणि आमच्या दळवीबाई कमरेतून निम्म्या झाल्या. दुखलं-खुपलं काही नाही. सोमवारी परिपत्रक आलं, मंगळवारी बाई दोन ठिकाणी बसल्या होत्या.

गणित सरळ होतं. दर सव्वीस मुलांमागे एक बाई. कमी नाही, जास्त नाही, नाहीतर परवाना रद्द. आमच्या बालवाडीत मुलं तेरा. मी मदतनीस. कायद्यात माझी गणतीच नाही, म्हणून मी अजून अख्खी आहे. बाईंना मात्र पंधरा दिवसांत ठरवायचं होतं, कुठला अर्धा भाग नोकरीत ठेवायचा. उरलेल्या भागाला बालवाडीचा उंबरा कायमचा बंद. एकोणीस वर्षं या पोरांत काढलेली बाई हो ती!

"अर्जात वरचाच भरा," निरीक्षक नलावडेसाहेब म्हणाले. "पदविका डोक्यात असते, सही हातानं होते. खाली काय आहे?"

माझं डोकंच फिरलं. खिचडी जरा जास्तच जोरात ढवळली.

पहिला आठवडा वरच्या बाई आल्या. मी त्यांना रिक्षातून आणायची आणि टेबलावर बसवायची. गाणी झाली, गोष्टी झाल्या. अकरा वाजले आणि चिंगीनं भोकाड पसरलं. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. अकराला ही पोर बाईंच्या मांडीवर डोकं टेकून घटकाभर झोपते, वर्षाचा नेम आहे. ती टेबलाभोवती मांडी शोधत फिरली. बाईंनी उचलून छातीशी धरलं, तरी पोर खाली खालीच घसरायची. आणि एक रडलं की तेरा रडणार, हे काय सांगायला हवं?

शनिवारी बाई म्हणाल्या, "हौसा, सोमवारपासून खालचीला ने."

"अहो बाई, काहीतरीच काय! मग तुम्ही?"

"मी बसेन घरी. गाणी तुला पाठ आहेत. मांडी मात्र तुझी चालत नाही, बघितलंय मी."

खरंच होतं ते. माझ्या मांडीवर चिंगी दोन मिनिटं टिकत नाही.

नलावडेसाहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "खालचा भाग? अन् मस्टरवर सही कोण करणार?"

"इथं तेरा जणांना सही येत नाही, साहेब," मी म्हटलं. "हे चौदावं धरा."

त्यांनी नियमांची चोपडी काढून पहिल्यापासून वाचली. सही आलीच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. शिक्का मारला. "पण वरचा भाग आवारात दिसला, तर परवाना गेलाच म्हणून समजा."

आता खालच्या बाई रोज चालत येतात आणि सतरंजीवर मांडी घालून बसतात. मी गाणी म्हणते. सूर लागत नाही, पण पोरं सांभाळून घेतात.

साडेबाराला मी त्यांना घरी पोचवते. वरच्या बाई खिडकीशी वाट बघत असतात. शाळेतलं एक अक्षर विचारत नाहीत. नुसता खालच्या बाईंच्या मांडीवरून हात फिरवतात.

काल हात फिरवता फिरवता, चिंगी डोकं टेकते तिथं थांबल्या.

"हौसा, चिंगीला ताप आहे गं. चांगलाच आहे. आधी तिच्या आईला निरोप दे."

मी पायातल्या चपला न काढताच कारखान्याकडे निघाले.