जिन्याच्या वळणावरचा मल्लिनाथ

मानवी संस्कृतीचा पाया शेतीवर नाही, लिपीवर नाही, अग्नीवर तर नाहीच; तो निरोपावर उभा आहे. हे विधान मी आमच्या शेजारच्या मल्लिनाथच्या तोंडून ऐकलं, तेव्हा तो लुंगी वर खोचून, दातांत एक निळी वायर धरून जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं होतं, की नळाला आज पाणी येणार नाही म्हणतात, खरं का?

"कोण म्हणतंय?" त्यानं वायर दातांतून काढली. "दूधवाला? आणि त्याला कुणी सांगितलं? आणि त्याला?"

हा त्याचा कायमचा प्रश्न. कुठलीही बातमी द्या, तो तिची वंशावळ विचारतो. एकदा लग्न जमवणारे एक गृहस्थ त्याच्यासाठी अक्कलकोटचं स्थळ घेऊन आले आणि म्हणाले, मुलीला मुलगा पसंत आहे. मल्लिनाथनं विचारलं, "हे थेट मुलीकडून आलंय, का मधून कुठून?" गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. मल्लिनाथ अजून बिनलग्नाचा आहे. त्याला त्याचं विशेष वाटत नाही. बातमी पक्की नव्हती, एवढंच तो म्हणतो.

एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो कॉम्प्युटरचं जाळं सांभाळतो. पण त्याचं खरं आयुष्य घराच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर जातं. तिथं लोखंडी मांडणीवर त्यानं भंगारातून आणलेले राउटर रचलेत. राउटर म्हणजे माहितीचं कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं धाडायचं ते ठरवणारा डबा. प्रत्येक डब्यावर खडूनं गावाचं नाव. होटगी, मैंदर्गी, करकंब. पहाटे त्याच्या घरावरून गेलं तर आतून ऐकू येतं, "करकंब, तुला अक्कल हाय का? होटगीनं तुला काय सांगितलं? मग मैंदर्गीला का सांगितलं न्हाईस?" नव्या पोस्टमननं हे ऐकून मला हळूच विचारलं होतं, आत किती माणसं राहतात.

हा सगळा खटाटोप एका परीक्षेसाठी. प्रात्यक्षिक परीक्षा, बंगळूरला, दिवसभराची. दोनदा तो जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर आपटला होता. त्या प्रश्नाचं नाव रीडिस्ट्रिब्यूशन. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. मला ते कळेल अशी शक्यता नव्हती. पण मल्लिनाथला श्रोता लागतो आणि मला निवृत्तीनंतर कुणीतरी काहीतरी शिकवत असलं की बरं वाटतं.

"ऐका की, सर. ह्या डब्यांच्या भाषा दोन. हिकडल्यांची वेगळी, तिकडल्यांची वेगळी. एका भाषेतल्या वाटा दुसऱ्या भाषेत सांगायच्या, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूशन. सीमेवरचा डबा दोन्ही बोलतो, तो हे काम करतो."

"मग सोपं आहे. दुभाषाच की."

"सोपं कुटलं? अंतर मोजायची पद्धत येगळी असती. एक मोजतो मधे किती डबे लागतात ते, दुसरा बघतो रस्ता किती रुंद. तुम्ही वाट सांगितली आणि अंतर सांगायला विसरला, तर काही भाषांत ते अनंत धरतात. गाव शेजारी असलं तरी अनंत! मग कुणी जातच न्हाई तिकडं."

हे मला पटकन समजलं, कारण उदाहरण घरातच होतं. खालच्या मजल्यावर मल्लिनाथ आणि त्याचे वडील, अप्पा. वरच्या मजल्यावर अप्पांचे धाकटे भाऊ, काका. दोघंही विधुर. अप्पांचं आयुष्य बाजारात शेंगांच्या दुकानात गेलं. ते निम्मं कानडीत बोलतात आणि अंतर माणसांत मोजतात. "स्टँड किती लांब आहे?" विचारलं तर म्हणतील, "चार वळखीचे भेटतात." काकांची नोकरी रेल्वेत, होटगी जंक्शनला. ते मिनिटांखेरीज काही मोजत नाहीत.

या दोघांचं बोलणं बंद होतं. कारण पाणी. पाण्याच्या दिवशी वरच्या टाकीचा कॉक काकांच्या ताब्यात. एकदा त्यांनी ठरलेल्या मिनिटाला तो फिरवला, तेव्हा खाली अप्पांच्या तोंडाला साबण होता. अप्पा ओरडले, "अजून जरा!" काका वरून म्हणाले, "जरा म्हणजे किती?" या प्रश्नाचं उत्तर अप्पांनी दिलं नाही आणि त्यानंतर कुठल्याच प्रश्नाचं दिलं नाही.

तेव्हापासून सीमेवर मल्लिनाथ. खालचा निरोप वर, वरचा खाली. अप्पा म्हणायचे, "सांग त्याला, दळण आणतो जरा येळानं." मल्लिनाथ वर जाऊन सांगायचा, "काका, दळण पाच वीसला." काका घड्याळ बघून मान डोलवायचे. पाच वीसला मल्लिनाथ स्वतः दळण आणून ठेवायचा.

तिसऱ्यांदा परीक्षेची तारीख आली तेव्हा त्याला परीक्षेची नव्हे, या दोघांची काळजी पडली. मागच्या दोन्ही खेपांना तो नसताना घरात अबोल्याचं रूपांतर उपासात झालं होतं. वरून भाजी खाली आली नाही म्हणून खालून भाकरी वर गेली नाही. परीक्षेतही त्याचं अर्धं चित्त घरी होतं. या वेळी त्यानं व्यवस्था लावली. मला वळणावर उभं केलं.

"सर, मी न्हाई तोवर सीमेवर तुम्ही. खालचं वर सांगायचं, वरचं खाली. आणि बॅकअप म्हणून मीपण बंगळूरहून दोघांना फोन करत राहतो. एक माणूस बंद पडला तर दुसरा हाय."

मला ही व्यवस्था फार शास्त्रशुद्ध वाटली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तो बंगळूरला पोचला. इकडं मी अप्पांबरोबर चहा घेत होतो. अप्पांनी शेंगाची चटणी जरा जास्त खाल्ली आणि त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, ठसका गेला. मी कर्तव्य म्हणून वर गेलो. काकांनी विचारलं, "खाली काय विशेष?"

"काही नाही. अप्पांना जरा खोकला."

"जरा म्हणजे किती?" काका म्हणाले. मी अंतर सांगितलं नाही. काकांनी ते अनंत धरलं आणि मल्लिनाथला फोन लावला: घरात खोकला आहे, डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

मल्लिनाथनं अप्पांना फोन केला. घरात खोकला आहे, काकांकडून कळलं, डॉक्टरांचं बघायला हवं. अप्पा आपला ठसका केव्हाच विसरले होते. बातमी वरून आलेली. म्हणजे खोकला वरचा. ते मला म्हणाले, "मास्तर, डॉक्टरपातुर गेलंय म्हनं परकरण."

खालचं वर सांगायचं, हे माझं काम. मी वर जाऊन सांगितलं, खाली डॉक्टरांची भाषा चालू आहे. काका उभे राहिले. त्यांनी मल्लिनाथला फोन केला. मल्लिनाथनं अप्पांना. अप्पांनी मला. मी वर गेलो.

दुपारपर्यंत त्या खोकल्याला ताप आला होता. चार वाजता छातीत दुखू लागलं. संध्याकाळी त्याला दवाखान्यात भरती करायचं ठरत होतं आणि मी जिना चढून-उतरून खरोखरच्या धापा टाकत होतो. असं गोल फिरणारं पाकीट जाळ्यात काही फेऱ्यांनी आपोआप मरतं, अशी सोय करून ठेवलेली असते. माणसांच्या बातमीला ती सोय नाही.

सगळ्या बातम्यांची वंशावळ विचारणाऱ्या मल्लिनाथनं त्या दिवशी एकदाही विचारलं नाही, की हे कुणी सांगितलं आणि त्याला कुणी. त्यानं उलट मला फोन केला. मागं बसचे हॉर्न ऐकू येत होते.

"सर, मी निघतोय माघारी. दोघं आजारी हायत. परीक्षा गेली खड्ड्यात."

"अरे थांब, तिसरी खेप आहे ही..." मी म्हणालो, आणि तेवढ्यात वरचं दार वाजलं. खालचंही वाजलं.

काका उतरत होते, हातात वाफाळणारी पेज. अप्पा चढत होते, हातात आल्याचा काढा. वळणावर, राउटरांच्या दिव्यांसमोर, दोघं समोरासमोर आले. मध्ये मी, कानाला फोन.

"तम्मा," अप्पा म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. मी या घरात तो शब्द प्रथमच ऐकत होतो. "यप्पा, तू उठलास कशाला? पड की गप!"

"मी? अण्णा, तू कुटं निघालास? तुझ्या छातीत दुखतंय."

"माझ्या? तुझ्या दुखतंय."

"मला काय धाड भरलीय?"

"मग मला काय झालंय?"

दोघांनी एकमेकांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी करकंबकडं पाहिलं.

फोनमधून मल्लिनाथ ओरडत होता, "सर, कोण बोलतंय? कोण हाय तितं?"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मल्ल्या, बशीत पाय ठेवू नको. कुणाला काय झालेलं न्हाई."

"मल्लू, परीक्षा देऊनच ये," अप्पा काकांच्या खांद्यावरून फोनात ओरडले. "आमी हितंच हाय."

पलीकडं हॉर्न वाजत राहिले. त्यांतूनच मल्लिनाथचा आवाज आला, एकदम बारीक.

"दोघं? एकाच फोनवर?"

मग त्यानं मला सकाळपासूनची हकीकत विचारली. ठसक्याशी आलो तेव्हा तो हसायला लागला, स्टँडवरची माणसं वळून बघत असतील इतका. "सर, पहिल्या धड्यातली चूक की ही! सीमेवर दोन माणसं उभी केली, आणि टॅग न्हाई लावला. बातमी मुळात कुणाकडची, ती चिठ्ठी सोबत पायजे. न्हाईतर ज्याची त्यालाच नवी म्हणून परत जाते. लई वेळा वाचलंय मी हे. लई वेळा!"

दुसऱ्या दिवशी त्यानं परीक्षा दिली. प्रश्नात सीमेवर दोन राउटर होते. त्यानं म्हणे आधी टॅग लावले, मग पाणी प्यायला.

इकडं त्या संध्याकाळी दोघं भाऊ वळणावरच्या पायरीवर बसले. अप्पांनी पेज खाल्ली, काकांनी काढा प्यायला. कुणालाच गरज नव्हती, पण केलेलं टाकायचं कसं? काका म्हणाले, "अण्णा, बोलत न्हवतास, पण दर सणाला शेंगापोळी तेवढी न चुकता पाठवलीस. म्हणून मी मनात ठेवलं न्हाई काही."

अप्पांचा चमचा थांबला. "मी कुटं पाठवली? पोळी तर तू पाठवायचास की. मल्लू सांगायचा, काकानं दिलीय, तुझ्यासाठी."

मग काकांनी मांडणीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतली. ते काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

मल्लिनाथ परतल्यावर मी त्याला पोळीचं विचारलं. तो वायर गुंडाळत म्हणाला, "एक कमांड असती, सर. आपल्याकडं वाट नसली तरी 'हाय माझ्याकडं' म्हणून सांगायची. परीक्षेत चालती ती."

तो पास झाला. दोघा भावांनी मिळून पेढे वाटले आणि पेढे किती वाजता वाटायचे यावरून मनसोक्त भांडले, थेट. मल्लिनाथ वळणावर उभा राहून एकदा वर बघायचा, एकदा खाली. कुणी हाक मारत नव्हतं. बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा दोघं एकदमच म्हणाले, "जा की! आमचं आमी बघतो." हे ऐकून पास झालेल्या माणसाचा चेहरा कसा होऊ नये, तसा त्याचा झाला. "नेटवर्क चालतंय, सर," तो मला म्हणाला. "मधला डबा काढला तरी."

तो गेला. एवढी अवघड परीक्षा पास झालेल्या माणसाला तिथं पहिल्या आठवड्यात साहेबाच्या केबिनमधला प्रिंटर बसवायला दिला, असं कळलं. मला हे अप्पांनी सांगितलं, त्यांना काकांनी आणि काकांना थेट त्यानं. मी विचारून घेतलं.

आता रोज संध्याकाळी दोघं भाऊ खालच्या खोलीत एकाच बाजेवर बसतात. मल्लिनाथला ते माहीत आहे. तरी तो आधी अप्पांना फोन करतो आणि विचारतो, काकांना काही सांगायचंय का. अप्पा शेजारी बसलेल्या भावाकडं बघतात, जरा विचार करतात आणि फोनात म्हणतात, "सांग त्याला, डास यायलेत, दार लावून घे म्हणावं."

मग काकांचा फोन वाजतो. काका सगळं नीट ऐकून घेतात, "व्हय, लावतो," म्हणतात, आणि उठून दार लावतात.