आप्पांची दहा बोटं

आमच्या समोरचे आप्पा एटीएमला थँक्यू म्हणतात.

मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. पैसे बाहेर आले की यंत्रातली बाई इंग्रजीत आभार मानते, आणि आप्पा किंचित वाकून तिला सांगतात, "थँक्यू हं, लई उपकार झाले." रांगेतली माणसं एकमेकांकडे बघतात. बसमधून उतरताना ते कंडक्टरला थँक्यू म्हणतात, पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणतात, आणि खाली उतरल्यावर पत्र्यावर थाप मारून बसलाही म्हणतात. एकदा भाजीवालीनं त्यांना पिवळी पडलेली मेथी दिली. तिलाही म्हणाले.

"आप्पा, तिनं फसवलं तुम्हाला."

"व्हय की. पण हसून दिली गं!"

आप्पा मूळचे जांबोटीचे. तरुणपणी कॅनडाला गेले, तिथं गोदामात नोकरी केली, मुलगा वाढवला. बायको तिथंच वारली. म्हातारपणी यायचं म्हणून दोघांनी इथं खानापुरात एक घर बांधून ठेवलं होतं. त्याची किल्ली वर्षानुवर्षं आमच्या खुंटीला होती. गेल्या दसऱ्याला आप्पा ती मागायला दारात उभे राहिले आणि आधी खुंटीचेच आभार मानते झाले.

आले होते ते घर विकायला. मुलगा संदीप यानं तिकडं बसून गिऱ्हाईक ठरवलं होतं. वकिलानं सांगितलं, कागदांसाठी आधी आधार काढा. आता आप्पांचा पासपोर्ट कॅनडाचा. अशा माणसाला आधार हवं असेल, तर वर्षातले निम्मे दिवस भारतात काढलेले असावे लागतात. म्हणून असं ठरलं, की निम्मं वर्ष राहायचं, आधार काढायचं, सह्या करायच्या आणि कायमचं कॅनडाला जायचं.

"काकू, तुम्ही लक्ष द्याल ना?" संदीपनं मला फोनवर विचारलं.

मी लक्ष देतेच. पतसंस्थेत माझी नोकरी. कामं लिहून काढायची आणि एकेक खोडून टाकायची, हा माझा स्वभाव. आप्पांचं आधार मी सगळ्यात वर लिहिलं. आमचा जादा सिलिंडर त्यांना नेऊन दिला, दूधवाला लावून दिला, झेरॉक्सचे तीन संच करून ठेवले.

निम्मं वर्ष आप्पांनी मजेत काढलं. ओळखपाळख नसलेल्या बारशांना गेले. चहाच्या गाड्यावर बसून खानापूर ते लोंढा कोण कुणाचा कोण लागतो ते पाठ केलं. अधूनमधून जांबोटीला जाऊन भावजयीच्या परड्यात काजू वेचून आले. उन्हाळा लागला, दिवस भरले, आणि मी त्यांना आधार केंद्रावर घेऊन गेले.

फोटो झाला. डोळे झाले. डोळे टिपणाऱ्या यंत्राला थँक्यू म्हणून झालं. मग बोटं आली, आणि यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल.

"अज्जा, दाखवा बघू हात," केंद्रावरची मुलगी म्हणाली. बोटांची टोकं सोललेली होती, रेघ म्हणून एक शिल्लक नव्हती.

"ओले काजू सोलले गं परवा. भावजय एकटीच करत बसलीती, म्हटलं हातभार लावावा."

आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. ओल्या काजूच्या सालीत चीक असतो, तो कातडी जाळतो. मुलगी म्हणाली, "कातडी भरून आली की या." आप्पांनी तिचे, यंत्राचे आणि खुर्चीचे आभार मानले. मी नवी तारीख घेतली.

दुसऱ्या खेपेलाही तेच. बोटं सोललेली, यंत्र लाल.

"परत काजू?"

"शेजारच्यांनी आणून दिले. नको कसं म्हणायचं?"

तिसऱ्या तारखेच्या दोन दिवस आधी सकाळी मी कागद तपासायला त्यांच्याकडे गेले. आप्पा मागच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात काजूच्या बिया. गर त्यांनी बाजूला टाकून दिले होते आणि सालं एकेका बोटावर चोळत होते. करंगळीसुद्धा सोडली नव्हती.

"आप्पा," मी म्हटलं, "जांबोटीतलं शेंबडं पोरही तेल लावल्याशिवाय ओल्या काजूला हात लावत नाही."

ते दचकले. सालं खाली टाकली.

"संदीप लई चांगला हाय गं," ते म्हणाले. "माझ्यासाठी खाली येगळी खोली केलीया. थंडी लागू नये म्हणून जमिनीतनं ऊब सोडलीया. सूनबाई पथ्याचं करून ठेवती. एवढं करणाऱ्याला येत न्हाय म्हणून कसं सांगू? तोंडच उघडत न्हाय माझं."

"मग अडचण काय तिकडं?"

"अडचण कसलीच न्हाय. सकाळी समदी कामाला जात्यात. मी आन् फ्रीज. त्याचं दार उघडं ऱ्हायलं, की तो टिंग टिंग वाजतो. मी मुद्दाम उघडं ठेवायचो."

मी पायरीवर बसले. करायची पुष्कळ कामं होती, पण बसले.

तेवढ्यात मोबाईल वाजला. संदीपचा रोजचा व्हिडिओ कॉल. आप्पा बटणाला बोट लावायला लागले, ते लागेना. मी लावून दिलं आणि फोन समोर धरला.

"पप्पा, हे काय? परत बोटं? डॉक्टरला दाखवा आधी."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन हलवला नाही.

"संदीप, घर विकू नगंस बाबा. मी हितंच ऱ्हातो."

पलीकडं चित्र अडकलं असं वाटलं. पण संदीपची पापणी हलली.

"एकटे?"

"एकटा कुठला? ही सुनंदा हाय की, ओरडायला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू एवढं केलंस रं माझ्यासाठी."

"पप्पा, मी विचारायचो तेव्हा तुम्ही थँक्यू म्हणायचा. मला वाटायचं, खूश आहात." त्यानं चष्मा काढून पुसला. "सुट्टीत पोरांना घेऊन मीच येतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो आजच. काकू, ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर आप्पा उठले, सालं गोळा करून परड्यात लांब फेकून आले. स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच हाक मारली.

"सुनंदा, ह्यो सिलिंडर तुमचा हाय न्हवं? गॅस माझ्या नावावर करून घ्यायचा झाला तर काय लागंल?"

"आधार."

दोन्ही पंजे समोर धरून ते बाहेर आले. दहाही बोटं आलटून पालटून बघितली.

"नवी कातडी यायाला किती दिवस लागत्यात गं?"