पिवळ्या डब्याची करामत

मूल गावच्या मोटारमालक गुणवंतरावांनी ओसरीवर दोन डबे मांडले, एक पिवळा आणि एक निळा, आणि आपल्या दोन्ही ड्रायव्हरांना समोर उभं केलं. इंजनाच्या तेलात हे औषध मिसळलं की लोखंडाची झीज थांबते, असं नागपूरहून आलेल्या एका विक्रेत्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पिवळ्या डब्यात काळी पूड कालवलेली होती, निळ्यात मधासारखं घट्ट काहीतरी होतं. दोन्हींतलं चांगलं कोणतं, हे विक्रेत्यालाही सांगता आलं नाही. तो दोन्ही विकून गेला.

"देवाजी, तुह्या गाडीत निळं. अयूब, तुह्या गाडीत पिवळं," गुणवंतराव म्हणाले. "अक्षयतृतीयेले चांद्याचा सादिक मिस्त्री दोन्ही इंजनं खोलन. कोनाचं किती झिजलं ते पाहू, आन् मंग ठरवू भामरागडले कोन जाते ते."

भामरागडचं नाव निघताच दोघांचेही चेहरे उतरले. गुणवंतरावांनी तिकडच्या जंगलात नवी मोटार सुरू करायचं मनावर घेतलं होतं. ज्येष्ठात गाडी आत जायची, पावसानं नाले भरले की तिथंच अडकायची आणि मधल्या चार गावांत फिरत राहायची. ड्रायव्हरनं घरचं तोंड पाहायचं ते दिवाळीनंतरच.

अयूबच्या घरी नऊ वर्षांनी पाळणा हलणार होता. त्याच्या बायकोचे, सुलतानाचे दिवस आषाढात भरत होते. "त्या वक्ती तुमी इथी पायजे," ती एकदाच म्हणाली आणि पुन्हा काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं अयूबला वाटायचं.

त्यानं आपल्या मनाशी हिशेब मांडला. चांगली गाडी कोणी जंगलात घालतं का? जिचं इंजन जास्त झिजेल, तीच भामरागडला जाणार. मालकाला तसं विचारून घ्यावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही. गुणवंतरावांना प्रश्न विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

दोन्ही गाड्या लष्कराच्या भंगारातून घेतलेल्या, जुळ्या. मैल मोजणारे काटे लष्करातच मेले होते. देवाजी मूल-चांदा करायचा, अयूब मूल-गडचिरोली. पिवळ्या डब्यातली ती काळी पूड तेलात ओतताना अयूबचा जीव खाली-वर झाला. तव्यामागची काजळी घालून इंजन कसं वाचणार? डब्यावर भरवसा नाही म्हटल्यावर एकच उपाय उरला. इंजन चालवायचंच नाही!

सुरुवात उतारापासून झाली. उतार आला की अयूब इंजन बंद करी. पण त्या वाटेवर उतार ते किती? मग त्याला वैनगंगा आठवली.

उन्हाळ्यात नदीच्या रेतीत मोटारी रुतत, म्हणून काठावरच्या व्याहाड गावचा पोचू बैलांच्या दोन जोड्या जुंपून त्या पलीकडे काढून देई. पोचूचा अयूबवर फार जीव होता. त्याच्या बायकोला साप चावला तेव्हा अयूबनं प्रवाशांसकट गाडी उलटी फिरवून तिला दवाखान्यात नेलं होतं. एके दिवशी पलीकडच्या काठावर पोचू जू सोडायला वाकला, तर अयूब हळूच म्हणाला, "राहू दे ना गा. थोडं पुढं चाल."

थोडं म्हणता म्हणता बैल गडचिरोलीच्या वेशीपर्यंत जाऊ लागले. वेशीवर जोड्या सुटत, अयूब इंजन सुरू करी, आणि गाडी भोंगा वाजवत ऐटीत गावात शिरे. पुढल्या आठवड्यात पोचू अलीकडे सावली गावापर्यंत सामोरा येऊ लागला. सकाळी निघालेली गाडी आता दिवेलागणीला पोचत होती. रेती फार रुतते, असं अयूब मालकाला सांगे. कचेरीत लोकांचे अर्ज लिहून देणारा एक अर्जनवीस तेवढा दर खेपेला ओरडायचा. कचेरी उघडायच्या वेळी तो नदीतच असायचा.

बाकीच्या प्रवाशांना मात्र हे प्रकरण मानवलं. त्यांच्यातली गुणाबाई मोहफुलं पडायला लागल्यावर चालत्या गाडीतून उतरायची, झाडाखालची फुलं वेचायची आणि टोपली भरली की पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसायची. "लय बेस गाडी हाये बाप्पा," ती म्हणायची, "थांबवाले सांगाले लागतच नाई."

अयूब मात्र वाळत चालला. बैलामागं बसून चाक धरणारा ड्रायव्हर! बारा वर्षं त्यानं गाडी चालवली होती, आणि आता सावलीची पोरं त्याला गाडीवान म्हणत होती. त्याला लाज वाटे, रडू येई. आषाढ डोळ्यांपुढे आणून तो गिळून टाकी.

बातमी फुटली तर सगळंच संपलं असतं. म्हणून एका दुपारी त्यानं पोचूला बैलाच्या शिंगांवर हात ठेवायला लावला. "शपथ घे. कोनीबी विचारू दे, मालक विचारू दे, मी सोता विचारलं तरी सांगायचं नाई."

"बैलाची आन, भाऊ," पोचू म्हणाला. बैलापेक्षा मोठी शपथ पोचूपाशी नव्हती.

अक्षयतृतीयेला सादिक मिस्त्रीनं अंगणात दोन्ही इंजनं खोलली. देवाजीच्या सिलिंडरवर बोट फिरवून त्यानं नुसती मान हलवली. अयूबचं इंजन खोललं, आणि तो चष्मा काढून पुसू लागला.

"मालक, हे तं झिजलंच नाई. तीस वर्सांत असं पाह्यलो नाई मी."

अयूबनं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. गुणवंतराव उठून उभे राहिले.

"मले ठाऊकच होतं! पेट्रोलबी अर्धंच लागलं याले. आन् ते गुणाबाई सांगत होती, गाडी सुरू हाय का बंद हाय तेबी समजत नाई. पिवळा डबा तो पिवळा डबा!" त्यांनी अयूबच्या पाठीवर थाप मारली. "जंगलात चाळीस मैल मिस्त्री भेटत नाई. तिथी असंच पोलादी इंजन पायजे. अयूब, भामरागडले तू जाशीन. देवाजी, तुहं खटारं चालव इथीच."

देवाजीनं हात जोडले. अयूब पायरीवर बसला.

"मालक," तो कसाबसा म्हणाला, "ते औषधाचं नाई जी. मी गाडी चालवलोच नाई. बैलानं ओढली."

"तीन महिने?"

"हो जी."

"गडचिरोलीवरी?"

"वेशीवरी."

गुणवंतराव हसायला लागले, मग एकदम थांबले. "जंगलात जायाले नोको म्हून काईबी सांगून राह्यला का बे?"

"पोचूले विचारा! त्याचेच बैल व्हते!"

पोचू आंबे घेऊन आलाच होता, दारापाशी बसला होता. गुणवंतरावांनी त्याला पुढे बोलावलं. "काऊन गा, तुह्या बैलानं याची गाडी ओढली का?"

पोचूनं अयूबकडे पाहिलं. अयूब दोन्ही हातांनी, मानेनं, डोळ्यांनी त्याला सांग, सांग म्हणत होता.

"रेतीतून काढून देत व्हतो जी," पोचू शांतपणे म्हणाला. "तेवढंच."

"पोचू! खरं सांग ना गा! मीच सांगून राह्यलो ना तुले!"

"तेवढंच जी," पोचू पुन्हा म्हणाला.

गुणवंतरावांनी पिवळा डबा उचलून अयूबच्या मांडीवर ठेवला. "उरलेला तूच घेऊन जाय. तिथी कामी पडन."

अंगण रिकामं झालं. अयूब डबा मांडीवर घेऊन तिथंच बसून होता. घरी सुलताना वाट पाहत होती. पोचू जवळ येऊन उकिडवा बसला. अभिमानानं त्याचा चेहरा फुलला होता.

"पाह्यलं ना भाऊ," तो अयूबच्या कानाशी लागून म्हणाला, "तुमी सोता विचारलं, तरी सांगतलो नाई."