द्वारकाबाईंच्या पुड्या

एका जंगलात, बाळांनो, द्वारकाबाई नावाची घोरपड राहत होती. जंगलाचं नाव विचारू नका, तिथे माझं अजून जाणं-येणं आहे.

द्वारकाबाईंचं घर उंच कड्यावरच्या कपारीत होतं. घरात लेक छबू. तिला अजून कडा उतरता येत नव्हता. आई वर येईल तेव्हाच तिला जेवण. पण चिंता नव्हती, कारण घोरपडीची पकड म्हणजे पकड! एकदा दगडात नखं रुतली की सुटायची नाहीत.

दिवसभर द्वारकाबाई कातळावर ऊन खात पडलेल्या असत. एके दिवशी त्यांचा गुडघा कट् वाजला. त्या बगळे डॉक्टरांकडे गेल्या. जळूने रक्त काढलं, चाखलं आणि सांगितलं, "व्हिटॅमिन डी किंचित कमी."

उन्हात पडून असणारीला ऊन कमी पडलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. रिपोर्टपुढे सूर्याचं काय चालतं?

"ही पुडी आठवड्याला एक," बगळे म्हणाले. "जास्त नाही."

आता त्या जंगलात एक फार चांगली रीत होती. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नसे. आपल्या घरातली उरलेली औषधं घेऊन जात.

पहिली आली रानडुकरीण गोदाक्का. "आठवड्याला एक? अगं, तो एका पायावर उभा राहणारा, त्याला सगळंच अर्धं लागतं! रोज एक घे. आमच्या ह्यांच्या उरल्यात, त्या आणल्यात बघ."

मग नरहरपंत साळिंदर आले. "सकाळ-संध्याकाळ घ्या, वहिनी. शेवटी ऊनच ते. उन्हाने कधी कुणाचं वाईट झालंय?"

द्वारकाबाईंना कुणाचं मन मोडवेना. शिवाय पुड्यांची तारीख संपत आली होती. औषध वाया घालवणं म्हणजे पापच की!

थोड्याच दिवसांत त्यांना तहान लागू लागली. पाणवठ्यावर गेल्या की हत्ती मागे रांगेत उभे राहत. प्यायलेलं सगळं लगेच झुडपामागे जाई.

"उष्णता बाहेर पडतेय," गोदाक्का म्हणाली.

मग मळमळ सुरू झाली. पोट साफ होईना.

"औषध भिनतंय," नरहरपंत म्हणाले.

मग डोकं गोंधळलं. एकदा त्यांनी एका दगडाला किती वाजले विचारलं. दगड बोलला नाही, म्हणून त्या रुसून बसल्या. अंगात त्राण राहिलं नाही.

"अशक्तपणा!" दोघे एकदम म्हणाले. "म्हणजे अजून कमी पडतंय." आणि त्यांनी आणखी पुड्या आणल्या.

त्या संध्याकाळी छबूसाठी तोंडात अंडं धरून द्वारकाबाई कडा चढू लागल्या. अर्ध्यावर नखं आपोआप सुटली. घोरपड कड्यावरून पडली, बाळांनो! आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच औषध दिलं असतं.

खाली गोदाक्काचा चिखल होता म्हणून वाचल्या.

बगळे उडत आले. "किती पुड्या घेतल्या?"

"आल्या तेवढ्या."

बगळ्यांनी दुसराही पाय खाली टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बाई, रक्तात कॅल्शियम वाढलंय. मूत्रपिंडं थकलीत. पुड्या बंद. पाणी भरपूर प्या. उन्हात तर अजिबात जायचं नाही. हे औषध अंगात साठून राहतं, उतरायला वेळ लागेल."

"आणि माझी छबू हो?" द्वारकाबाई रडू लागल्या. वरून छबू हाका मारत होती, "आई, भूक लागली!" फार वाईट वाटलं सगळ्यांना. गोदाक्काने तर हुंदका दिला आणि आणखी एक पुडी पुढे केली.

मग रोज बगळेच चोचीत मासा धरून कड्यावर नेऊ लागले. द्वारकाबाई सावलीत पडून राहिल्या. इकडे जंगलाची सभा भरली आणि सगळा दोष बगळ्यांचा, असं ठरलं. सुरुवातीलाच भरपूर डोस दिला असता, तर शेजाऱ्यांना एवढी धावपळ करावी लागली असती का?

हळूहळू तहान गेली. डोकं ताळ्यावर आलं. एका सकाळी द्वारकाबाईंनी झाडाच्या बुंध्याला नखं लावली, आणि ती रुतली. त्या हसल्या, रडल्या आणि बगळ्यांच्या पाया पडल्या.

"उरलेल्या पुड्या पाण्यात टाकू नका हं," बगळे म्हणाले. "माझ्याकडे द्या, मी नष्ट करतो."

"देते की," द्वारकाबाई म्हणाल्या. पण चांगल्या धडधाकट पुड्या! द्यायला मन होईना त्यांचं. सगळ्या पुड्या गालात भरून त्या सरसर कडा चढल्या. एकदाही पाय घसरला नाही.

छबू गळ्यात पडली. किती दिवसांनी आई भेटली होती! दोघी कितीतरी वेळ एकमेकींना चाटत राहिल्या.

"आई, तू नव्हतीस ना, तर मला खूप कंटाळा यायचा," छबू म्हणाली.

द्वारकाबाईंनी तिला दूर धरलं. काळजीने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कंटाळा?" त्या म्हणाल्या. "आ कर बघू."

तात्पर्य : डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. त्याशिवाय आपण नेमकं काय मोडतोय, हे कळत नाही.